खालची नळी आधी, की वरची

मी, आयव्ही ब्रॉडबेंट, कै. वॉल्टर ब्रॉडबेंट यांची पत्नी, वय ७९, राहणार विदर्नबी, लिंकनशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो माझा आहे आणि कोणाच्या नावे करायचा नाही.

१. घर व आतले सामान भाची हेस्टर हिला. खुंटीवर वॉल्टरची टोपी आहे. ती टाकली तर मला कळणार नाही, पण टाकू नये.

२. माझी दुनळी बंदूक मैत्रीण डोरोथी पास्क हिला. परवाना तिच्याकडे आहे. नळ्या एकावर एक आहेत. खालचीचे तोंड मोकळे, छर्रे लवकर पसरतात, नेमासाठी हवेत फेकलेली मातीची तबकडी जवळ असेल तर ती बरी. वरचीचा चोक, म्हणजे तोंडाचा घेर, आवळलेला, छर्रे एकत्र राहून लांब पोचतात. तबकडी दूर जाणारी असेल तर आधी खालची, मग वरची. समोरून अंगावर येणारी असेल तर उलटे, कारण तिथे पहिला बार लांबचा असतो. कोणती नळी आधी उडावी हे अंगठ्याजवळचे बटण ठरवते. डोरोथीला हे सगळे ठाऊक आहे. लिहिते आहे ते क्लाइव्ह ऑर्मेरॉडसाठी.

३. क्लाइव्ह आमच्या नेमबाजी क्लबचा चिटणीस. ढालीच्या सामन्यात शेवटी आम्ही दोघे बरोबरीत उरलो. तबकड्यांची शेवटची जोडी टेकडीमागून अंगावर येणारी. मी बटण वरच्या नळीवर लावले, बंदूक रॅकवर ठेवली आणि चहा घ्यायला गेले. दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावू नये, हे आमच्याकडे पोराटोरांनाही सांगावे लागत नाही. म्हणून परतल्यावर मी बटण पाहिले नाही. पहिला बार मोकळ्या नळीतून गेला आणि तबकडी विरळ छर्‍यांतून सुखरूप निघून गेली. दुसरी पार जवळ आली, तेव्हा हाती आवळलेली नळी. तीही गेली.

ढाल घेऊन क्लाइव्ह हसत आला. म्हणाला, "आयव्ही, तुमचं बटण चुकून वर राहिलं होतं, मीच सरळ करून ठेवलं. बायकांचं होतं असं." सगळे हसले. एकटी डोरोथी म्हणाली, "तुला विचारलं होतं का कुणी?" समितीने निकाल दिला की त्याचा हेतू चांगला होता. हेतू काय, चोराचाही घर चालवण्याचाच असतो. मी त्यानंतर तिथे एकही बार उडवला नाही. माफ केलेले नाही, करणारही नाही.

४. ज्या कुरणावर क्लबचा सराव चालतो ते माझे आहे. ते मी क्लाइव्ह ऑर्मेरॉड याला देत आहे. होय, त्यालाच. वॉल्टर गेल्यापासून तो दर रविवारी केक घेऊन येतो आणि गोड बोलत विषय कुरणावर आणतो. मात्र वकिलांनी मला कायदा समजावला आहे: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेले तेवढे रद्द होते. तसे झाल्यास कुरणही डोरोथीला.

आज तो चहाला येईल. कागद टेबलावर उघडा असेल. मी एवढेच म्हणेन की साक्षीदार हवा आहे. "काय लिहिलंय?" असे त्याने विचारले, तर मी दुसरा साक्षीदार शोधीन आणि कुरण त्याचे. शब्द देते. निदान एकदा तरी त्याने मला विचारले, असे मरताना म्हणता येईल.

(सही) आयव्ही ब्रॉडबेंट
विदर्नबी, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आयव्हीबाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली, मग आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार:
(सही) मॉरीन स्किपवर्थ, शेजारीण
(सही) क्लाइव्ह ऑर्मेरॉड, चिटणीस

वेगळ्या कागदावर, मॉरीन स्किपवर्थ: कोणी पुढे विचारले तर असावे म्हणून लिहिते. ऑर्मेरॉड यांना मी म्हटले की एकदा वाचा तरी. ते म्हणाले, "वाचायचं काय त्यात? आणा इकडे. यांना सही कुठे घ्यायची तेसुद्धा कळत नाही." ते गेल्यावर आयव्हीबाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "पेन त्याच्या हातात देईपर्यंत वाट बघितली गं मी, विचारेल म्हणून."