दुसऱ्या मजल्यावरची कॅरल

३ डिसेंबर
रंजनाने आज पुन्हा बजावलं — चहाला ये, पण प्रभूला घरी ठेवून ये! आता प्रभूला काय कुलूप लावून ठेवू? बरं म्हटलं. पण चहा पुढे आला आणि सवयीने डोळे मिटलेच. उघडले तर बया उस्मानिया बिस्किटांची ताटली पळवून बसलेली. प्रार्थना करणाऱ्यांना मिळणार नाहीत म्हणे.

५ डिसेंबर
आज तिने आपणहून सांगितलं. हैदराबादेत, तारनाक्याच्या या बिल्डिंगमध्ये मी आले गेल्या वर्षी. ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिच्या डोक्यावर. रोजचा चहा, पण हे कधी बोलली नव्हती. तिच्या मुलीने, स्नेहाने, तेलुगू हिंदू मुलाशी लग्न केलं. पुढच्याच रविवारी चर्चच्या तेव्हाच्या पाळकांनी भर उपासनेत हिचं नाव घेऊन सांगितलं, यांनी प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये. ही गाणाऱ्यांत, क्वायरमध्ये, सगळ्यांसमोर उभी! क्वायरचा वरचा झगा काढला, घडी करून बाकावर ठेवला आणि घरी आली. तेव्हापासून नाताळात घरोघरी गात फिरणारी आमची कॅरल मंडळी हिचा मजला गाळून पुढे जाते. जावई मात्र 'अत्तम्मा, अत्तम्मा' करत दर आठवड्याला भाजी आणून देतो.

इतका राग आला मला! बायबलची एवढी वचनं पाठ, एकही सुचलं नाही.

१४ डिसेंबर
करंज्या भरायला बोलावलं होतं. करंज्या एवढ्या की अख्खी मंडळी खाईल. एवढ्या कुणाला, विचारलं. सवय आहे, म्हणाली आणि तळत राहिली.

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. वाट बघते ही! कॅरलवाल्यांना सांगूनच टाकते, यंदा हिच्या दारी गायला या. तिला कशाला विचारायचं, नाहीच म्हणेल.

१८ डिसेंबर
मूर्ख मी. शुद्ध मूर्ख.

गाणं छान झालं. रंजना दारात, चेहरा घट्ट, पण करंज्यांचं ताट हातात होतं. मग नव्या पाळकसाहेबांनी डोळे मिटले — 'हे प्रभू, या घरातलं हरवलेलं मेंढरू कळपात परत आण.' मोठ्याने! तिच्याच घरात उभं राहून! रंजना ताटासकट शांतपणे आत गेली आणि तिने मिक्सर लावला. आमेन कुणालाच ऐकू आलं नाही. गिटारवाला समीर हसू दाबता दाबता खोकत सुटला. मला काही हसू आलं नाही. आम्ही बाहेर पडलो आणि दार लागलं.

१९ डिसेंबर
दार उघडत नाही. घरात आहे, कुकरची शिट्टी ऐकली मी.

२० डिसेंबर
एक वचन चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवणार होते. लिहिलं, फाडलं. वचनं सांगणाऱ्यांनीच तिला घालवली. मी आणखी काय भर घालू?
करमत नाही. चहासुद्धा बेचव लागतो.

२२ डिसेंबर
उघडलं! दारातच म्हटलं, चूक माझी, तुला न विचारता माणसं आणली. पाळकसाहेबांनाही सुनावलं, लोकांच्या घरात शिरून असं मागत नाहीत. बिचारे ओशाळले.

आत घेतलं. चहा टाकताना पाठमोरीच विचारते, "तुझ्या प्रभूलाही मी हरवलेलीच वाटते का गं?"

एरवी मी अख्खं बायबल, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, धावले असते. जीभ चावली.

"त्याचं मी काय सांगू? मला तर तू रोज दुसऱ्या मजल्यावर सापडतेस."

हसली! किती दिवसांनी. बिस्किटं पुढे सरकवली. मी डोळे उघडेच ठेवले, तर म्हणे मीट की, उगाच नाटकं नक्को. मिटले. मनातल्या मनात फक्त थँक्यू म्हटलं. बिस्किटं जागेवरच होती.

२४ डिसेंबर
संध्याकाळी बेल वाजली. दारात स्नेहा, करंज्यांचा डबा घेतलेला जावई, आणि पुढे रंजना — गातेय! पहिलं कडवं, दुसरं, सगळं पाठ. मला रडू आवरेना.
संपल्यावर म्हणाली, "कॅरल मंडळी आहोत. आम्ही कुणाचा मजला गाळत नाही."