सगळंच नाइस

प्रिय रुक्मे,

आशीर्वाद. तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. लग्नानंतरच्या तुझ्या सगळ्या पत्रांतून एक इंग्रजी विशेषण आपल्या घरात शिरलं आहे, तेही पाय न धुता. घर नाइस, सासूबाई नाइस, पुण्याची हवा नाइस. अगं, एकट्या कमळाची डझनभर संस्कृत नावं तुझ्याकडून पाठ करून घेतली, ती काय अशी वाया घालवायला?

जावईबापू तुला इंग्रजी शिकवतात, हे उत्तमच. पण नव्या पाहुण्याचं कूळ कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हणून बाजाराचं निमित्त करून मोमिनाबादला गेलो. तिथल्या छावणीत कारकुनी केलेल्या त्रिंबकरावांकडे उशीएवढा जाड इंग्रजी कोश आहे. त्यांनी चष्मा पुसून वाचून दाखवलं. हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ 'न जाणणारा', म्हणजे आपला अज्ञच. पुढे तो मूर्ख झाला, मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर, आणि आता कुणाच्याही पंगतीला बसणारा गोडगोड. इतक्या जागा बदललेला इसम मी फक्त निजाम सरकारच्या कचेरीत पाहिला आहे.

घरी येऊन ही कथा तुझ्या आईला रंगवून सांगितली. ती हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. पोरगी कुरकुर कावून करंना? मीठ कमी म्हणंना, थंडी लई म्हणंना. बरी हाय ना ती?"

इथं असताना आमटी, गाईच्या घंटेचा आवाज, माझी लांबलेली पूजा, तू कशालाच सोडलं नाहीस. सासरी सुनेचं पत्र पेटीत पडण्याआधी चारजण वाचतात, हे मलाही ठाऊक आहे.

म्हणून हे टपालात टाकलं नाही. आपला गडी धुळाजी वाळवलेला हुरडा घेऊन येतो आहे. पत्र तो तुझ्याच हातात देईल. वाचून चुलीत घाल. उत्तर लिहू नकोस, हुरडा चाखून त्याला तोंडी सांग. गोड लागला तर गोड म्हण, मराठीत. निबर निघाला म्हणालीस, तर मी पुढच्याच गाडीने तुला न्यायला येतो. कारण कुणालाही सांगणार नाही, तुलाही विचारणार नाही.

शब्दाचं कूळ सापडलं, तरी जेवण जात नाही. तू तिथं सुखी नाहीस, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
आप्पा