देवळात दिलेला होकार अमान्य असल्याबाबत

मालवण,
दि. २१ मे १९६२

सन्माननीय व्याही परशुरामभाऊ यांस गंगारामचा नमस्कार.

आपली व विहीणबाईंची प्रकृती उत्तम असावी, असे शिष्टाचारापोटी लिहितो. आपले गुडघे परवा देवळाच्या पायऱ्या चढताना मुळीच दुखत नव्हते, हे मी समक्ष पाहिले आहे. आमच्याकडे सर्व खुशाल आहेत. मी संतापलेला आहे. आपण आणलेले फणस कापले (एक बरका निघाला, मी बरका खात नाही, हे आपणास लग्नाच्या बैठकीपासून ठाऊक आहे).

माझा मुलगा सत्यवान आणि आपली कन्या सुगंधा विभक्त झाली, यात दोष माझ्या मुलाचा, हे मी पूर्वीच मान्य करून त्याला उंबरठा बंद केला आहे. त्यानंतरही सुगंधा आमच्याच घरी राहिली, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिने कोल्हापूरच्या शाळेत परस्पर नोकरी मिळवून, जूनपासून माझी नात तुळसा हिला घेऊन कायमचे घाटावर जाण्याचे ठरवले, याबद्दल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. भावनेच्या भरात बोलत नाही. छप्पन सालचा पालकत्वाचा कायदा मागवून वाचला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे, असे तो म्हणतो. तुळसाला चैत्रात पाच पूर्ण झाली. आणि नैसर्गिक पालक प्रथम बाप. मी समाधानाने चष्मा काढून ठेवला, आणि मग ध्यानात आले की बाप म्हणजे सत्यवान. हक्क बजाव, असे त्याला मुंबईस कडक शब्दांत कळवले. उत्तर आले, ‘तुम्हांला योग्य वाटेल ते करा.’ (हे वाक्य तो मॅट्रिकपासून वापरतो.) वकिलांकडे गेलो, तर ते म्हणाले, “बापाचा हक्क आहे, आईचाही आहे, तुमचा कुठे आहे तेवढा मला दाखवा.” मी कायदा पुन्हा पहिल्यापासून वाचला. ज्या माणसाने त्या मुलीला चिवल्याच्या किनाऱ्यावर हात धरून पोहायला शिकवले, त्याला त्या कायद्यात टेकायलाही जागा नाही!

अशा अवस्थेत आपण नारळ घेऊन मालवणात उतरलात आणि गोड आवाजात म्हणालात, “पोर घाट चढणार, तर एकदा देवाच्या कानावर घालूया.” मी संमती दिली ती एकाच अटीवर: शब्दरचना तटस्थ असावी. गणपत गुरवाला घरी बोलावून, चहा पाजून, ‘मुलीच्या हिताचे असेल ते घडो’ एवढे वाक्य त्याच्याकडून घोकून घेतले. त्याने तीनदा मान हलवली. देवासमोर उभे राहताच मात्र त्याने सुरू केले, “बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा चेडू आवशीवांगडा घाटार चल्ला आसा, तेका वाट मोकळी कर, म्हाराजा!” ‘आवशीवांगडा’ म्हणजे आईबरोबर; ही म्हणे तटस्थ शब्दरचना!

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे आणि त्यात पहिला आवाज आमच्या घराण्याचा, हा मान पणजोबांपासूनचा आहे, हे आपणास माहीत होते. किंबहुना तेवढ्यासाठीच आपण नारळ आणलात, असा माझा स्पष्ट आरोप आहे. लहानपणापासून जे तोंड त्या जागी आपोआप उघडते, ते उघडले. माझा ‘व्हय म्हाराजा’ बंदरापर्यंत ऐकू गेला असावा. मी गणपतला डोळ्यांनी दटावले, हाताने खूण केली. तो हळूच म्हणाला, “भाऊनू, गाराणा मधी तोडूचा नसता,” आणि पुढे चालू झाला, “हेची आवस शाळेत शिकवून पोट भरतली, तेका येश दी, म्हाराजा!” मी ओठ आवळले, पण मान हा मान असतो, ओठांच्या फटीतून पुन्हा व्हय निघाले. शेवटच्या वाक्याचा उल्लेख मी करीत नाही; आपणही करू नये.

सवयीने उच्चारलेला शब्द म्हणजे संमती नव्हे, हे कोणताही सुशिक्षित मनुष्य मान्य करील. घरात सुशिक्षित मी एकटाच आहे. माझी पत्नी रुक्मिणी (जी सुनेच्या पक्षात केव्हाच गेली) भर पंगतीत म्हणाली, “देवाक व्हय म्हटल्यात, आता सुनेक नाय खंयच्या तोंडान सांगशात?” मी ताटावरून उठलो. (नंतर जेवलो, परंतु बोललो नाही.) आणि तुळसा तर त्या दिवसापासून तुळशी वृंदावनासमोर उभी राहून स्वतःच गाऱ्हाणी घालते. “म्हाराजा, कोल्हापुरात माका बांगडो गावांदे!” बांगडा मिळावा म्हणून सगळ्या घराने व्हय म्हणायचे. मी म्हणत नाही, तर ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहते: “आजोबा, तुमचो आवाज इलो नाय.”

तरी ते गाऱ्हाणे रद्द समजावे. येत्या सोमवारी आपण पुन्हा नारळ घेऊन यावे. या खेपेस गुरव मी सांगेन तेच बोलेल आणि जमाव विचार करून उत्तर देईल. तोवर तुळसा मालवणची वेस ओलांडणार नाही. विहीणबाईंस नमस्कार.

आपला (तूर्त),
गंगाराम

ता. क. तुळसाला कणकवलीच्या वळणांनाच मळमळते. घाट तर त्यापुढेच आहे. एस. टी.त तिला खिडकीची जागा द्यावी आणि चघळायला आमसूल. सुगंधा विसरते. आपण विसरू नये.

ता. क. दुसरा. सुटीत मूल घाट उतरून आपल्याकडे फोंड्यास येईल. तेथून तिला पुढे मालवणपर्यंत दमवण्यापेक्षा मीच येईन. आपल्या ओटीवर एक खाट रिकामी ठेवावी. हा हक्क कायद्यात नाही, म्हणून आपल्यापाशी मागतो.

ता. क. तिसरा. शेवटचे वाक्य मी ऐकलेच नाही, असे आपणास वाटू नये, म्हणून लिहितो. गणपत म्हणाला, “आणि हेच्या आजोबाच्या मनात जा काय आडवा इला आसात, ता बाजूक कर, म्हाराजा!” त्या वेळी आपण मान खाली घातलीत. सगळे माझ्या आवाजासाठी थांबले होते आणि मी पुष्कळ वेळ घेतला. ते व्हय सवयीचे नव्हते.

सोमवारी नारळ आणू नये.