राखेनं घासलेला वाल्व

तांडा, सिद्धेश्वर.
पोळ्याआधी आठ दिस, सन २००२

हरिचंदास नेमसिंगदाजीचा रामराम. तू बरा असशील, म्हशी दूध देत असतील, नाक्यावरचं हॉटेल चालत असंल. मीबी ठणठणीत. तुझी बहीण तिकडं येऊन अठरा दिस झाले, तिचं मी काही इचारून राहिलो न्हाई. (बीपीची गोळी घेती का, तेवढं कळव.) हे पत्र तुझ्यापुरतं. मोठ्यानं वाचू नको.

काम असं की, तुमच्या बापानं हॉटेलातला तबकड्या वाजवायचा अँप्लिफायर तिला दिला होता, तो बंद पडला. त्यात काचेचे दोन वाल्व हाईत, बटन दाबलं की निखाऱ्यावानी लाल होतेत. एक मरत चालला होता, गाणं घोगरं यायचं. तुझी बहीण रोज कंदिलाच्या काचंसंगं वाल्वबी पुसती. मी मनलं, तुझ्या पुसण्यानंच मेला. ती मनली, "माझ्या बापाची वस्तू मी मारीन व्हय?" आन पिशवी उचलली. एवढ्यावरून कोणी एसटी धरतंय का?

मग मनलं आपणच बघावं. दुसऱ्या वाल्वच्या शेंड्याला चांदीवानी काळपट डाग. मला वाटली काजळी. राख घेतली, वलं फडकं घेतलं, घासला. डाग निघंना, म्हून जोर लावला. (मशीन चालूच होतं, थंड व्हायची वाट कोण बघतो?) टचकन तडकला आन डाग पांढराफटक.

हट्ट्याच्या महेबूब मिस्तरीकडं नेला. तो हसतच राहिला. मनला, "चाचा, तो डाग आतून असतो. हवा शिरली की पांढरा पडतो. हा तुमीच मारला. पहिला कोणी न्हाई मारला, त्याचं वय झालं होतं. बारा वर्सं चालला तो, चाचीनं धूळ बसू दिली न्हाई म्हून." मी मनलं, बरं, एक नवा टाक, एक जुनापाना असंल तर तो टाक. मनला, "जोडीच बदलावी लागती. म्हातारा बैल आन गोऱ्हा एका जुवाला चालतेत का?" हे मला बराबर समजलं.

तर नाक्यावर कोणाकडं असली जोडी मिळती का बघ. नंबराची चिठ्ठी सोबत हाय.

तुझा दाजी,
नेमसिंग

ता. क. जोडी शोधू नको. महेबूबनं मागल्या सोमवारीच बसवली. मशीन बराबर हाय.

ता. क. दुसरं. वाल्व गरम व्हायला मिनिटभर लागतं. ती मनायची, दम धरा, आन मी कावायचो. आता बटन दाबून गुमान बसतो. लाल झाले की बंद करतो. तबकड्या लावायचं काम तिचं.

ता. क. तिसरं. मोठ्यानं वाचू नको लिहिलं ते खोडलं समज. ती चुलीपाशी असंल तवा वाच. महेबूबचं बोलणं दोनदा वाच. मग पत्र तिच्या हातात दे. तिला वाचता येत न्हाई, तरी दे.