खळ्यापलीकडचा नऊ नंबर

बाबा, आठळ्या आठवतात तुम्हाला? मे संपत आला की आई फणसाच्या आठळ्या धुऊन स्वयंपाकघरात कोब्यावर पसरायची, आणि तुम्ही वर्कशॉपमधून दुपारचे घरी आलात की जेवण आटोपल्याबरोबर त्यातल्या अकरा उचलून भिंतीशी फुटबॉलची टीम मांडायला बसायचात. बंदरातल्या ट्रॉलरांची इंजिनं खोलणारी तुमची बोटं. कितीही साबण लावला तरी त्यांचा डिझेलचा वास जायचा नाही, पण आठळ्या मात्र ती इतक्या अलगद सरकवायची की जणू अंडीच आहेत. काड्यापेटी म्हणजे गोल. शाळेला सुट्टी, मी तुमच्या शेजारी मांडी घालून बसलेली. आई म्हणायची, भाजीच्या आहेत त्या, तुमच्या टीमला काय खायला घालू? तुम्ही म्हणायचात, घाल की, धावतील तरी. मग आई हसते, तुम्ही हसता, आणि खळ्यापलीकडून काका विचारतात, काय गो वहिनी, एवढं काय झालं? खळ्याच्या अलीकडे आपलं घर, पलीकडे काकांचं, आणि मधलं अंगण एवढंसं की इकडची फोडणी तिकडे शिंक काढायची. मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे ते त्या अंगणामुळे. मी रागावले आहे बाबा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, त्यामुळे हा राग कुणाला दाखवायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

ज्या वर्षाचा हा राग आहे त्या वर्षी शेजारच्यांकडे टीव्ही आला होता आणि परदेशातले फुटबॉलचे सामने पहिल्यांदाच आपल्या आळीत दिसायला लागले होते. चित्रापेक्षा मुंग्याच जास्त, पण तुम्ही पुढे सरकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून पाहायचात. आपल्या टीमला शिकवणारे तुम्हीच, म्हणून घरी आलात की आठळ्यांची मांडणी बदलायची. आता कोणी एका जागी उभा राहायचा नाही, म्हणायचात. चेंडू जमिनीवर ठेवायचा, जवळच्याला द्यायचा आणि दिल्याबरोबर पुढे पळायचं. चेंडू गेला तर सगळ्यात पुढच्याने सगळ्यात आधी त्याच्या मागे लागायचं. मला ते कळायचं, कारण तुम्ही ते कळेल असंच सांगायचात. आणि मला हेही कळत होतं की तुमच्या त्या नव्या मांडणीत एक आठळी कुठेच बसत नव्हती. तुम्ही ती उचलायचात, बोटांत फिरवायचात आणि परत ठेवून द्यायचात.

काका कसे खेळायचे हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. दिवसभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढून त्यांचे खांदे दाराएवढे झाले होते. मैदानावर ते समोरच्या गोलापासून थोडं अलीकडे कमरेवर हात ठेवून उभे असायचे, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. खेळ सगळा मागे चालू. मग मागून कोणीतरी लांब चेंडू मारायचा, काका खांद्याने एकाला बाजूला करायचे, वळायचे, आणि चेंडू आत. गोली हललेलासुद्धा नसायचा. मिऱ्यापासून राजिवड्यापर्यंत पोरं त्यांना नऊ नंबर म्हणूनच हाक मारायची. बाजारात मासे घ्यायला गेले तरी. तुम्ही त्यांना सांगायचात, मेल्या, चेंडू गेल्यावर निदान चार पावलं तरी टाक. ते म्हणायचे, दादा, मी काय टपालवाला आहे दारोदार फिरायला? माझी पावलं मी गोलासाठी राखून ठेवतो. सगळी टीम हसायची. तुम्हीही हसायचात, पण त्या वर्षी जरा उशिरा.

त्या पावसाळ्यात गावात, तुमच्या नव्या मांडणीत काकांची जागा कुठे, याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. चहाच्या टपरीवर लोक तुम्हाला अडवून विचारायचे, गोल कोण मारतो? तो. मग तुमचं दुखतं कुठे? तुम्ही शांतपणे सांगायचात की गोल तो मारतो हे खरं, पण बाकीचे दहा जण फक्त त्याला चेंडू पोचवायला खेळतात, आणि जी टीम त्याला दोघांत अडकवते तिच्यापुढे आपण हातपाय गाळून बसतो. बरोबर होतं तुमचं. मागच्या दोन्ही वर्षी आपण तसेच हरलो होतो. काकांचं वय झालं होतं, हे कोणी बोलत नव्हतं, पण पहिला अर्धा खेळ संपला की ते पाणी पिताना किती वेळ वाकलेले असतात ते मी पाहिलं होतं. तर माझा राग खेळावरून नाही. ते आधी लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही मला आठळ्या मांडून दाखवायला लागाल.

गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात म्हणून सामने तेव्हाच ठेवायचे. गौरी-गणपती पोचवले की दुसऱ्या दिवशी शेवटची मॅच. आदल्या संध्याकाळी तुम्ही सायकल काढलीत. आपल्या टीमची ती तुम्हीच घातलेली रीत होती, ज्याला बसवायचं त्याच्या घरी आधी जायचं, आईबापांसमोर बसायचं, चहा घ्यायचा आणि तोंडाने सांगायचं की उद्या तू नाहीस, आणि का नाहीस. त्यामुळे तुमच्या टीममधून कोणी रुसून गेलं नाही, असं लोक अजून सांगतात. त्या संध्याकाळी तुम्ही तिघांकडे गेलात. भाट्याला, मांडवीला, आणि शेवटी खाडीपलीकडे कर्ल्याला, सायकल तरीत घालून. परत आलात तेव्हा पायांना चिखल होता. तुम्ही सायकल स्टँडवर लावलीत, पाय धुतलेत, जेवायला बसलात आणि आईला म्हणालात, ताक नको, चहाने पोट भरलंय. मी वाढत होते, म्हणून मला हे नीट आठवतं. दार उघडं होतं. समोर काकांच्या पायरीवर दिवा होता.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात नारळ फुटला. जर्सी वर्षभर आपल्याच घरी ट्रंकेत असायच्या, आई धुऊन इस्त्री करून द्यायची, आणि तुम्ही एकेकाला हातात द्यायचात. घेणारा ती कपाळाला लावायचा. गोलीपासून सुरुवात. नऊ नंबरची पाळी आली तेव्हा काकांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मी खांबाशी उभी होते, मला तो हात दिसतो आहे, तळवा वर, लाद्यांच्या हुकाने घट्टे पडलेला. आणि तुम्ही ती जर्सी त्यांच्यावरून पलीकडे, बारावीतल्या एका उंच मुलाला दिलीत. मुलगासुद्धा घेईना. काका म्हणाले, ‘‘दादा, माझी?’’

तुम्ही ट्रंकेत वाकून पुढची जर्सी शोधत होतात. वरही न बघता म्हणालात, ‘‘तुला काय वेगळं सांगायचं? तू घरचा.’’

काका हसले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, घाल रे, चावत नाही ती. मग पाण्याची बादली आणि कापलेली लिंबं घेऊन मैदानाच्या कडेला जाऊन बसले. मुंबईहून आलेले लोक दुसऱ्या बाजूने ओरडत होते, नऊ नंबर कुठाय, आजारी काय, बायकोने घरी ठेवला काय. ते बादलीशी बसून हात हलवत होते. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर होत्या, फार कडक, त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी आम्ही पाठ ताठ करायचो. नाताळच्या नाटकातून मला काढायचं होतं तेव्हा त्यांनी मला तालमीआधी व्हरांड्यात बोलावलं, माझ्या उंचीएवढं वाकून सांगितलं, आणि मी रडून मोकळी होईपर्यंत थांबल्या. मग वर्गात गेलो. ती बाई माझी कोणी नव्हती. परक्या मुलीसाठी तिला एवढं सुचलं, आणि तुम्हाला पाठच्या भावासाठी सुचलं नाही? त्या तिघांसाठी सुचलं ना?

आपण जिंकलो. चांगले जिंकलो. त्या संध्याकाळी तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचले लोक, आणि सगळ्यात पुढे ढोल काकांच्या गळ्यात होता. त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. भांडलेही नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. दर रविवारी दुपारी तुम्ही दोघे आपल्या पडवीत एकत्र जेवायचात, ते बंद झालं, आणि कारण काय तर काकांना लवकर भूक लागते. पुढच्या वर्षी लोट्याला एका केमिकल कंपनीत त्यांना काम मिळालं, पाळीची नोकरी, कंपनीची बस. बिऱ्हाड खेडला गेलं. दर गणपतीत यायचे, तुमच्या पाया पडायचे, दीड दिवस राहायचे आणि पाळीचं निमित्त काढून जायचे. तुम्ही म्हणायचात, नोकरी म्हटली की असंच. बाबा, तुम्हाला इंजिनाचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते कळायचं.

आणि काका आजारी पडले तेव्हाचं मी कधीच विसरणार नाही. तुम्ही आणि मी दवाखान्यात बसलो होतो. तुम्ही बराच वेळ कौलांबद्दल बोललात. काकांनी मध्येच विचारलं, दादा, त्या दिवशी मी असतो तर? मी तुमच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता. आता तरी. तुम्ही थोडा विचार केलात, खरोखरच विचार केलात, आणि म्हणालात, तू असतास तर हरलो असतो. काका म्हणाले, ‘‘ते माहीत आहे रे मला.’’ आणि कुशीवर वळले. परत येताना बसमध्ये तुम्ही मला म्हणालात, बघ, त्याला पटलं. त्यांना काय पटलं होतं आणि ते काय विचारत होते, हे तुम्ही जाईपर्यंत तुम्हाला कळलं नाही, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्याशी असं बोलायची पद्धत आपल्या घरात नव्हती.

एवढाच राग असता तर तो माझ्याबरोबर म्हातारा झाला असता. पण यंदा गणपतीला काकी आल्या, काका गेल्यापासून एकट्याच येतात तशा. त्यांच्या बंद घराच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो होतो, वाटाणे सोलत. मी सहज तो विषय काढला. काकी म्हणाल्या, ‘‘आदल्या संध्याकाळी हे इथेच बसले होते गो. तुझ्या बाबांची सायकल भाट्याकडे जाताना बघितली. मला म्हणाले, चहाचं आधण ठेव, दादा सांगायला येईल. यंदा मला बसव, असं मीच म्हणणार आहे त्याला, म्हणजे त्याला जड जाणार नाही. पण तो येऊ दे. आपण होऊन गेलो तर रुसलोय असं वाटेल. दोनदा गरम केला मी तो चहा. मग तुमच्याकडे ताटं वाजली.’’

काकी पुढे वाटाणे सोलत राहिल्या. म्हणजे जे सांगायला तुम्हाला जड जात होतं ते ऐकायला माणूस तयार बसला होता, तुमच्या वतीने बोलायलासुद्धा तयार होता. तुम्हाला फक्त खळं ओलांडायचं होतं. कर्ल्याला तरीतून गेलात तुम्ही. घरच्या माणसाला काय सांगायचं, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि त्याला माया समजतात. परक्याकडे पायातल्या वहाणा काढून बसायचं, आणि घरच्याला गृहीत धरायचं. घरच्याला लाज नसते? त्याचा हात सगळ्यांसमोर रिकामा राहिला तर तो घरचा म्हणून कमी रिकामा असतो? मला उत्तर नको आहे. तुम्ही पुन्हा खरंच विचार करून काहीतरी बरोबर सांगाल.

एक सांगते, आणि हे मी काकींनाही बोलले नाही. त्या दिवसाचा पहिला गोल मला अजून पाठ आहे. चेंडू आपल्या गोलीकडून निघाला आणि एकदाही वर न उडता, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, लाल चिखलातून सरपटत थेट आत गेला, आणि तो कोणी मारला हे लोकांना विचारावं लागलं. इतकी सुंदर गोष्ट मी नंतर फार कमी पाहिली. मला तुमचा अभिमान वाटला होता. अजून वाटतो. हे आज मान्य करायला मला फार राग येतो आहे.

पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून खालचं तेवढं मुलांसाठी वेगळ्या कागदावर उतरवते. माझ्यानंतर बाबांची हत्यारांची पेटी बंदरावरच्या वर्कशॉपला द्यावी, तिथे ती वापरात राहील. आईचं पितळेचं पातेलं सुनेला. जिंकलेल्या टीमचा फोटो क्लबवाले मागत आहेत, त्यांना द्यावा. पडवीतला बाक आणि मागची दोन हापूसची कलमं काकांच्या मुलीला. ती चिपळूणला असते. तिला फोनवर कळवायचं नाही, कागद पोस्टाने पाठवायचे नाहीत. कोणीतरी तिच्या घरी जावं, बसावं, चहा घ्यावा आणि तोंडाने सांगावं.