बेंबळीवाली अंगुरी

१२ मार्च १९४५, सोमवार

पकडला! माझा धाकटा भाऊ ईरण्णा — आज रंगेहाथ पकडला. अंगुरीच्या, द्राक्षाच्या दारूच्या, खोलीत उभा, हातात वाटी, वाटीच्या तळाला लाल. अव्वा, आमची आई, शेजारीच रांजणाच्या तोंडाला फडकं बांधत होती. "काय रे हे?" म्हणालो. मग म्हणतो, "चाखली म्या."

गळ्यात लिंग आणि जिभेवर दारू! आप्पांनी वीस गुंठे हबशी द्राक्षं लावली, आबकारीचा परवाना काढला, जन्मभर अंगुरी विकली. पण घरात कुणी थेंब तोंडात घेतला नाही. जाताना आम्हा दोघा भावांकडून शपथ घेतली — जो चाखेल त्याचा बागेतला वाटा गेला. कधी गाळायची ते ईरण्णा सांगायचा. मला वाटायचं वासावरून सांगतो. वास कसला!

खरं लिहायचं तर रागापेक्षा आनंदच जास्त झाला.

१४ मार्च

मठात जंगमस्वामींपुढं उभा केला. त्यानं काही नाकारलं नाही. लिंग उतरवायला लावलं, पंगतीतून उठवलं. मी मुद्दाम पुढं उभा राहिलो, नीट दिसावं म्हणून. अव्वा तोंड उघडणार होती. त्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं, ती गप्प बसली.

१५ मार्च

गेला सोलापूरला, गिरणीत. बायकोही गेली. अव्वा त्यांना भाकरी बांधून देत होती. म्हणालो, पंगतीतून उठवलेल्याला या घरची भाकरी नाही. फडकं सोडून तिनं भाकरी दुरडीत परत ठेवल्या.

वीस गुंठे माझे.

२२ मार्च

सिकंदराबादच्या दारूवाल्या पेस्तनशेठचा निरोप. लढाईमुळं विलायती बाटली येत नाही, बेंबळीचा सगळा माल उचलतो म्हणाला. गेल्या साली म्हणाला होता, "बडे बागों का माल पिंपों से आता है, शरणप्पा. लेकिन लोग बेंबळीवाली मांगते हैं. छोटीसी बाग है, पर ज़बान को याद रहती है."

बेंबळीवाली! ईरण्णावाली नव्हे.

१ एप्रिल

रांजण अजून गाळला नाही. काल वास गोड वाटला, आज उग्र. काही कळत नाही. आमच्या गड्याला, बब्रुवानला, घोटभर दिली. तो पिणारा. म्हणाला, "झ्याक हाय मालक, अजून वाईच द्या." त्याला रॉकेलसुद्धा झ्याक लागेल.

३ एप्रिल

अव्वाला विचारलं, ईरण्णा नेमकं काय बघायचा? ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यो कवाच काय बघत नव्हता. चाखणारी म्याच. पयली वाटी तुझ्या आप्पांनी माझ्या हातात दिली."

"आणि शपथ?"

"शपथ तुमा पोरांची. माझी न्हाय."

"मग त्या दिवशी?"

"तुझी पावलं वाजली तशी त्यानं माझ्या हातातनं वाटी घेतली. मठात म्या सांगणार व्हते. त्यानं सांगू दिलं न्हाय."

आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली.

४ एप्रिल

स्वामींना सांगितलं तर ईरण्णा परत येतो, वाटा परत जातो, अव्वाला पंगतीतून उठवतात. मग चाखायचं कुणी? नकोच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वाटी भरून अव्वापुढं ठेवली. "मला नगं लावू रं आता," म्हणाली. म्हणालो, तुझाही पुकारा मठात करू? म्हातारपणी शोभेल! तिनं वाटी उचलली. घोट घेतला, तोंडात घोळवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "अजून चार दिस ऱ्हाऊ दे," म्हणाली.

ईरण्णा गेला म्हणून माझं काही अडत नाही. हे आधी कळलं असतं तर आधीच घालवला असता.

८ एप्रिल

आज पुन्हा चाखली. "झाली. अशी कवाच झाली नव्हती बग." ऊन फार आहे. लगोलग गाळून बुधले भरले.

११ एप्रिल, येडशी

पेस्तनशेठनं स्टेशनावरच घोट घेतला आणि रुळावर थुंकला. "ये सिरका है." दुसरा बुधला उघडला. तोही तसाच आंबलेला. सगळे तसेच! हमाल हसायला लागले. मी म्हणालो, शेठ, उन्हानं झालं असेल. त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "बेंबळी का नाम अब मेरी दुकान में मत लेना."

बैलगाडी घराकडं फिरवली. मालाला आता दुसरं गिऱ्हाईक कोण येणार? गावात परवान्याची दारू कुणाला परवडते?

१२ एप्रिल

घरी येऊन अव्वाला विचारलं, "तुला आंबट लागली न्हाय व्हय?"

"लागली की," म्हणाली. आणि मला भाकरी वाढली.