चालताना हात रिकामे राहतात

सत्यमच्या आजोबांना माझा नमस्कार.

फोन चार्जिंगला लावायचं तुम्ही विसरणार, हे मला गाव सोडतानाच ठाऊक होतं. म्हणून नातीला, सोनियाला, समोर बसवून हे पत्र सांगतेय.

इथं लेकीकडं माझी बडदास्त लई हाय. डॉक्टर तेवढा म्हणतो, "आजी, विणत बसू नका, चाला. साखर उतरल्याबिगर गावी जायचं नाय." म्हणून रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारते. गुडघे कुरकुरतात, त्यांचं काय एवढं!

पण सुया हातात असल्या की टाके मोजण्यात जीव गुंततो. चालताना हात रिकामे राहतात, अन् आपला अंकुश शेजारी चालायला लागतो. पोराला जाऊन वर्ष होत आलं, तरी. आता लोकरीची पिशवी खांद्याला अडकवून चालता चालताच विणते. बाया हसतात. हसू द्या.

तुमच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. काल बघितलं, तर छाती अंकुशच्या मापाची झालेली. हातांना तेच माप पाठ हाय. उसवायला बसले, पण उसवला नाय. तुम्हाला ढगळ होईल, तसाच घाला.

सोनिया रडतीय. तिला म्हटलं, कागद भिजवू नको, आजोबांना आधीच कमी दिसतं.

शेळी व्याली का? तुम्ही रात्री जेवता ना?

सही म्हणून अंगठा उठवलाय. अन् जवसाची चटणी पाठवा, शेजारणीकडून आणलेली नको. तुम्हीच भाजा, तुम्हीच कुटा. चुलीपाशी उठून जाता, एवढं तरी मला कळंल.